देवी नेणाऱ्याचा नातू

आमच्या गावची देवी विलायतेला गेली, तेव्हा तिला उचलून गाडीत ठेवणारा माणूस माझा आजा, उकंडा. साहेबाने हुकूम सोडला, आज्याने दगड उचलला. ज्या देवळाची पायरी त्याला कधी चढू दिली नाही, तिथे तेवढ्यापुरता विटाळ झाला नाही. पण पुढे नव्वद वर्षं आमची ओळख एकच राहिली: देवी नेणाऱ्याचे. मी तीस वर्षं याच गावात पोरं शिकवली, तरी पाठीमागे तेच.

त्र्याऐंशी साली पेपरात चार ओळी वाचल्या. ग्रीस देशाने आपल्या जुन्या मूर्ती लंडनच्या म्युझियमकडे परत मागितल्या होत्या. त्यांनी मागावं, तर आपण का नाही? आमची देवी कुठल्या म्युझियममध्ये आहे हे मला बुलढाण्याच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं होतं; फोटोखाली गावाचं नाव होतं. ती परत आली की आज्यावरचा ठपका पुसला जाईल, एवढाच माझा स्वार्थ.

गाव हसलं. आमच्या वस्तीतल्यांनी वेगळंच ऐकवलं, "मास्तर, आपन धम्म घेतला. त्यायच्या देवीचं तुमाले काय पडलं?" मी ना इकडचा, ना तिकडचा. सोबत आले फक्त पंजाबराव, जुन्या पाटलांचे नातू. इंग्रजी माझं, टाइपरायटर त्यांचा. प्रत्येक पत्रावर दोघांच्या सह्या. महिन्याकाठी शेजारच्या धाड गावच्या पोस्टात पत्र टाकायचं आणि एका बाकावर बसून चहा प्यायचा. बायको गेल्यापासून माझ्याशी तेवढंच कोणी बोलत होतं.

दोन वर्षांनी उत्तर आलं. मूर्ती चोरीची नाही, भेट मिळालेली आहे. सोबत भेटपत्राची नक्कल. खाली मोडीतली सही. मोडी मला येते. सही पंजाबरावांच्या आजोबांची होती. माझ्या आज्याचं नाव कुठेच नव्हतं. हमालाचं नाव कोण लिहितो?

मी कागद घेऊन थेट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मास्तर, गावात कोनाले दाखोलं काय हे?"

"नाही. तुमालेच पयले दाखोलं."

"मंग संपलं म्हना. आपल्याच हातानं देल्ली, तं आता मांगायची कशी?"

"देवी अख्ख्या गावाची होती, पाटील. तुमच्या आजोबाले देयाचा हक्क कुठी होता? ग्रीसच्या मूर्ती नेल्या, तवा परवानगी देनारे बी तिथं राज्य करनारे परकेच होते. तरी ते मांगून राह्यले. आपन तेच लिहू. फक्त तुमची सही पाह्यजे."

ते टाइपरायटरवरचं फडकं नीट करत बसले. मग म्हणाले, "आजोबाचं नाव मी मातीत नाही घालनार."

"आन् माह्या आज्याचं नव्वद वर्षं घातलं, त्याचं काय?"

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात ठेवला. मी उठलो.

पत्र हातानेच लिहिलं. धाडला एकटा गेलो. पोस्टातच सही केली, तर सवयीने पंजाबरावांच्या सहीला जागा सोडली गेली. ती तशीच राहू दिली. आजवर नावाखाली मी 'निवृत्त शिक्षक' असं लिहीत असे. या वेळी लिहिलं: तुमची मूर्ती उचलून गाडीत ठेवणाऱ्या उकंड्याचा नातू.

मग ते 'तुमची' खोडून 'आमची' केलं आणि पाकीट बंद केलं.