भूमितीच्या पुस्तकाच्या पाठीत

मी वासराच्या कातड्याची एक जुनी, वीतभर लांब पट्टी आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा असावा. पण नीट पाहिलेत तर माझ्यावर तपकिरी अक्षरे दिसतील आणि त्यांच्या डोक्यावर गाण्याच्या खुणा. पावणेसातशे वर्षांपूर्वी मी एका मोठ्या पानाचा भाग होते.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावाबाहेर नन राहत असत असा एक मठ होता. त्यांनी कातडे चुन्यात भिजवले, ताणले, खरवडले आणि त्याचे पान केले. मग एक नन पिसाच्या लेखणीने माझ्यावर प्रार्थनागीते उतरवू लागली. तिला खोकला होता. प्रत्येक अक्षर लिहिण्याआधी ती ते ओठांतल्या ओठांत म्हणायची. ती कुजबुज माझ्यात मुरली. एके दिवशी ती आली नाही. राहिलेले गीत दुसऱ्या हाताने पुरे केले. तो हात जड होता आणि मध्येमध्ये थांबत होता.

दोनशे वर्षे माझ्याकडे पाहून नन गात राहिल्या. मग काळ पालटला. छापखाने आले. विसरलेले ग्रीक ग्रंथ पुन्हा वाचले जाऊ लागले. चित्रकार माणसाचे स्नायू अभ्यासून आणि अंतरे मोजून चित्रे काढू लागले. लोक म्हणू लागले की विद्येचा आणि कलेचा पुनर्जन्म झाला. ते खोटे नव्हते. पण धर्मसुधारणेच्या लाटेत मठ मोडला आणि आमचा ग्रंथ पुस्तके बांधणाऱ्या कारागिराकडे गेला. जुन्या गीतांचा त्याला काही उपयोग नव्हता, चिवट कातड्याचा होता. त्याने आमच्या पट्ट्या कापल्या आणि भूमितीच्या एका नव्याकोऱ्या पुस्तकाच्या पाठीला, पाने शिवतात त्या कडेला, सरसाने चिकटवल्या. अक्षरे आत गेली. वरून नवे कातडे चढले.

साडेचारशेहून जास्त वर्षे मी त्या अंधारात होते. विद्यार्थी पाने उलटायचे, वर्तुळे आणि त्रिकोण मोठ्याने समजावून घ्यायचे. पुस्तकाचे कौतुक व्हायचे. ते उघडले की प्रत्येक वेळी ताण मी सोसायचे. पावसाळी हवेत सरस मऊ व्हायचा आणि माझ्या आत त्या ननची कुजबुज सुरू व्हायची. अक्षरामागून अक्षर, मध्ये खोकल्याची उबळ, पुन्हा अक्षर. एवढी वर्षे लोटली तरी तिचे लिहिणे संपले नव्हते.

२०१४ साली, आमचे पुस्तक ठेवले होते त्या ग्रंथालयाच्या तळघरात पाण्याचा नळ फुटला. पुस्तक भिजले, पाठ सुटली, आम्हा पट्ट्यांवर बुरशी आली. आम्हाला दुरुस्तीच्या कार्यशाळेत नेले. तिथे सुलेखा काम करत होती. ती मूळची सांगलीची. नवरा प्रताप गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्याबरोबर ती इथे आली आणि तीन वर्षे शिकून जुनी पुस्तके दुरुस्त करू लागली.

कार्यशाळेच्या प्रमुख होत्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई. त्यांच्यापुढे अडचण होती. दोन आठवड्यांनी ‘अंधारातून उजेडाकडे’ नावाचे प्रदर्शन भरणार होते आणि आमचे पुस्तक त्यात मांडायचे होते. बुरशी पानांवर चढली तर पुस्तकच जाईल, म्हणून त्यांनी पट्ट्या काढून टाकून नवी पाठ बसवायला सांगितले. सुलेखाने पहिली पट्टी सोडवली, म्हणजे मलाच, आणि चिमट्यात धरून उजेडाकडे केली. मग भिंग घेऊन ती माझ्यावर वाकली.

“यावर कुणीतरी लिहिलंय,” ती म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर. सगळ्याच पुस्तकांत असतं. बांधणीचं भंगार ते,” फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

“आपण प्रदर्शनात उजेड दाखवणार, आणि तो ज्याच्या पाठीवर उभा राहिला ते टाकून देणार?”

फ्राउ लिंडनर रागावल्या नाहीत. घड्याळाकडे पाहून त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

सुलेखाने आम्हाला ओलसर कापडात मऊ केले. बोथट सुरीने सरसाचा कण न् कण काढला. घाई केली असती तर शाई निघून आली असती. जपूनही एका ओळीचा तुकडा सरसाबरोबर गेलाच. तेव्हा ती उठून खिडकीशी उभी राहिली, मग परत येऊन कामाला लागली. शुक्रवारी तिने आम्हा चार पट्ट्यांना जुळवून ठेवले. तिला लॅटिन येत नव्हते. फ्राउ लिंडनरनी चष्मा लावला आणि ते जड हाताचे अक्षर वाचून सांगू लागल्या:

“जिने हे लिहिलं तिचा हात नाताळानंतर थांबला. गाणाऱ्यांनो, तिला विसरू नका. तिचं नाव आडेल...”

पुढे चाकूची कड होती.

पाचवी पट्टी कुठल्यातरी दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीत असेल, किंवा कुठेच नसेल. उरलेले नाव मलाही ठाऊक नाही. लिहिताना त्या ननने सगळी अक्षरे उच्चारली, स्वतःचे नाव तेवढे कधीच नाही.

आम्हाला पुस्तकाशेजारीच काचेत ठेवले. प्रदर्शन पाहायला प्रताप आपल्या आईला, मालिनीताईंना, घेऊन आला. त्या तीन महिन्यांसाठी भारतातून आल्या होत्या. सुलेखाने त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्या वाकून माझ्याकडे पाहत राहिल्या.

“अगं, हिचं अर्धं तरी नाव उरलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नाही. पंचवीस वर्षं एका घरात राहिलो.”

सुलेखाने विचारले, “आई, आता सांगणारं कुणी आहे?”

मालिनीताईंनी मान हलवली. नाही.

मित्रांनो, नवे शिका. भूमिती शिका, चित्रे काढा, जुने चुकीचे असेल तर बदला. मीही त्या नव्या विद्येचा भार वाहिला आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. फक्त जुन्याला चाकू लावण्याआधी ते एकदा उलटून वाचा. आणि तुमच्या घरात जे कुणी अजून बोलते आहे, त्याला नाव विचारा. आजच विचारा.