चांदणेबुवांचा लेप

माझे धाकटे दीर बजरंग यांचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौतीस. वैशाखात अंबूबाई आमच्या घरात आली. ती सुदुंबऱ्याची, माझी धाकटी जाऊ. त्याच सालच्या श्रावणात आमच्या कान्ह्यात चांदणेबुवा उतरले.

देवळापुढच्या पटांगणात बुवा बसत. पाऊस कोसळत असला तरी लोक इरली घेऊन उभे राहत.

"द्या एक तांब्याचा पैसा! तुमचा द्या, माझा नको!" बुवा हाळी देत. कोणीतरी पैसा पुढं करी. बुवा डबीतला करड्या रंगाचा लेप बोटावर घेत, पैशावर चोळत, सोग्याने पुसत आणि पैसा वर धरत. तांबडा पैसा रुपयासारखा लखलखायचा. बायका हात जोडायच्या.

"तांब्याची झाली चांदी, काळीची होईल चांदणी! देवी सपनात आली, म्हणली, बाळा, मावळातल्या पोरी उन्हानं रापल्या, मला बगवत न्हाई!"

"बुवा, माझ्या म्हशीला लावू का?" गावातला नथू मागून ओरडला. "गोरी म्हैस बाजारात लय भाव खाईल."

"लाव की! पर लेप लावणारणीनं मौन पाळावं लागतं. तुजी म्हस गप बसंल, तू बसशील का?"

सगळे हसले. हसणाऱ्यांनीच जाताना डब्या नेल्या.

आमच्या सासूबाई धोंडाबाई यांनीही नेली. अंबू रंगाने काळी होती. लग्नातच कोणीतरी बोलून गेलं होतं, "नवरी हाय का तव्याचं बूड?" बजरंगभावजी रेल्वेत गँगमन होते. तेही एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला घिऊन लोनावळ्याच्या बाजारात कसा फिरू?" अंबूने ते ऐकलं. डबी घरात आली तेव्हा तिने स्वतःच हात पुढं केला.

बुवांचे नियम कडक. उन्हाला तोंड दाखवायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. अंगावर सोनं ठेवायचं नाही, कारण देवीला सोन्याचा मत्सर. सासूबाईंनी अंबूला भाताच्या कणग्यांच्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. ताट घेऊन आत जायची मुभा फक्त मला आणि सासूबाईंना.

आणि अंबू गोरी होऊ लागली. खोटं कशाला सांगू? सासूबाई शेजारणींना बोलवत, दारातून चिमणी आत धरत आणि म्हणत, "बगा माजी सून!" शेजारणी तोंडात बोट घालत. मलाही ती दिसत होती, पण दगड उचलल्यावर खालचं गवत जसं पांढरं दिसतं, तशी.

तिला भाकरी चावेना. हिरड्या सुजल्या, पदर लाळेने भिजू लागला. तांब्या धरला की हात थरथरून पाणी सांडायचं. एकदा मी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसले.

"काय हुतंय गं? माज्याशी बोललीस तर देवी न्हाई मारायची."

तिने आधी दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "जाऊबाई, तोंडात गंज चाखल्यागत लागतंय. दात हालत्यात."

"मग धुऊन टाक त्यो लेप."

"आन् काळीच ऱ्हायले तर? ह्ये ठिवनार न्हाईत. आमचं आबा म्हणालेत, आता तितंच नांद न्हाईतर तितंच मर. जाऊ कुटं?"

मी ताट उचलून बाहेर आले.

तिने नथ उतरवली होती, कानातलं उतरवलं होतं. पण मंगळसूत्र काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. नवरा जिवंत असताना ते कोण काढणार? लेप मात्र गळ्यापर्यंत लावला जायचा. एके सकाळी सासूबाई आत गेल्या आणि किंचाळत बाहेर आल्या. मंगळसूत्राच्या दोन्ही सोन्याच्या वाट्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"सौभाग्याचं सोनं पांढरं पडलं! ही माज्या लेकाला खाणार!"

घटकाभरात गाव अंगणात जमा झालं. बुवांना बोलावणं गेलं. वाट्या पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, तो मी पाहिला. मग त्यांनी डोळे मिटले.

"नेम मोडला. सोनं ठिवलं, देवी कोपली. आता समद्या अंगाला लेप, आन् अमावस्येपतूर दार बंद. उद्या मी स्वता जपाला बसतो. मधी दार उघडलं तर बजरंग हाती लागायचा न्हाई."

सासूबाईंनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आतून अंबू एकदाच म्हणाली, "आत्याबाई, मी काय बी क्येलं न्हाई वो."

हिवतापाच्या गोळ्या तेव्हा शाळेत मिळायच्या. त्या निमित्ताने मी कादर मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी तीनच गोष्टी विचारल्या. लाळ गळते का? हात कापतो का? अंगावर सोनं ठेवू देत नाहीत का? तिन्हींना मी "व्हय" म्हणाले. त्यांनी छत्री उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"वहिनी, आत्ता आलो तर मला हाकलतील. उद्या सगळं गाव असेल तेव्हा येतो. बुवासमोरच व्हायला हवं."

दुसऱ्या दिवशी बुवा दाराशी जप करत बसले होते. मास्तर आले ते थेट माझ्याकडे वळले.

"कस्तुरावहिनी, लग्नात नवरीच्या अंगाला तुम्ही काय लावता?"

"हळद, डाळीचं पीठ आन् सायीचं दूध."

"कालवून आणा."

मी वाटी आणली. मास्तरांनी बोटभर घेऊन खाल्लं. नथूच्या हातावर दिलं, त्यानेही चाटलं. "मीठ पायजे हुतं," नथू म्हणाला.

"आता बुवा, तुमच्या लेपात काय काय आहे?"

"ते देवीचं गुपित हाय."

"असू द्या. नावं नका सांगू, बोटभर चाटून दाखवा."

"मला उपास हाय."

"देवीच्या परसादाला उपास आडवा येतो व्हय?" नथूने विचारलं. यावेळी कोणी हसलं नाही.

मी नाकातली सोन्याची फुली काढली. बायांनी "अगं अगं" केलं. मास्तरांनी डबीतला लेप काडीने तिच्यावर चोळला. बघता बघता फुली पांढरी पडली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आता माजाबी नवरा मरणार का? त्यो बगा, गोठ्यात उभा हाय."

मास्तरांनी शेगडी अंगणाच्या कडेला ठेवली, लोकांना धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला सरकवलं आणि लांब चिमट्याने फुली निखाऱ्यावर धरली. पांढरेपणा उडून गेला. जरा मळकट, पण पिवळं सोनं परत आलं.

"हा पारा आहे," मास्तर म्हणाले. "तुपालोण्यात खललेला. तांब्यावर चोळला की तांबं चांदीसारखं दिसतं, चांदी होत नाही. सोन्याला लागला की सोनं पांढरं होऊन चोरी पकडली जाते, म्हणून सोनं नको. हिरड्या सुजतात, लाळ गळते, ते कुणाला कळू नये म्हणून मौन. आणि अंधारात कोंडलं की माणूस तसंही फिकं पडतं. हे नेम देवीचे नाहीत, या डबीचे आहेत. तुमची सून गोरी होत नाहीये, विषाने मरतेय."

बुवांनी झोळी उचलली आणि गर्दीतून वाट काढत स्टेशनची दिशा धरली. लोक त्यांच्यामागे धावले. अंगणात आम्ही घरचे उरलो, आणि दार तसंच बंद होतं.

"आत्याबाई, किल्ली द्या," मी म्हणाले.

त्यांनी कंबर दोन्ही हातांनी धरली. "समदं पटलं गं. पर अमावस्येआधी दार उघडलं आन् माजा बजरंग..."

समोर एवढं दिसूनही भीती जागची हलली नव्हती. तेव्हा ओसरीवर बसलेले बजरंगभावजी उठले. रुळांवर काम करायचा हातोडा त्यांनी कोपऱ्यातून घेतला.

"आये, मेलो तर मेलो," ते म्हणाले, आणि एका घावात कुलूप तोडलं.

अंबू दोन्ही हातांनी डोळे झाकून बाहेर आली. तिचे पाय सुजले होते.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी डबी ठेवून घेतली. पारा आणि रसकापूर, म्हणजे पाऱ्याचाच विषारी क्षार, असं त्यांनी सांगितलं. लेप थांबला, हिरड्या भरल्या, हळूहळू तिचा काळा रंगही परत आला. सूज मात्र उतरली नाही. पाऱ्याने मूत्रपिंडं गेली होती.

आता बाजारात चकचकीत डब्या येतात. झाकणावर गोरी बाई असते. माझं सांगणं साधं आहे. जे तोंडाला लावाल त्यात काय काय घातलंय ते आधी विचारा. दोन वस्तू शेजारी ठेवून बघा, एकीतलं सगळं माहीत आहे का, दुसरीतलं कोण लपवतंय. आणि "गुपित आहे" म्हणणाऱ्याच्या हातून काही घेऊ नका, मग तो भगव्यात असो की कोटात. काळ्या रंगाने आजवर कोणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

बजरंगभावजी एकोणीसशे एकाहत्तर साली म्हातारपणाने वारले. अंबूबाई वारली ती एकोणीसशे चौतीसच्या मार्गशीर्षात.