प-फ-भ सोसणारा माइक

बटण चालू आहे ना? बरं. मी माइक बोलतोय. आजवर सगळे माझ्यातून बोलले. आज माझी पाळी.

कारखान्यात शंभर भावंडांबरोबर माझा जन्म झाला. साउंडवाल्या काकांनी त्यांतून मला निवडलं, कारण मी खोक्यात सर्वांत वर होतो. तेव्हापासून मी भाड्याने जातो. सभा, सत्कार, बक्षीस समारंभ, सगळीकडे.

या धंद्यात अक्षरांची ओळख थेट तोंडावर होते. प, फ, भ आले की वाऱ्याची चपराक बसते. स आणि श शिट्ट्या मारतात. म, न, ल मात्र पाय न वाजवता आत येतात. कवी यमक जुळवून मोकळे होतात, सोसायचं मी.

एकदा एका छापखान्यात फोरमनच्या निरोप समारंभाला गेलो. मॅनेजरसाहेबांनी स्वतः रचलेली कविता खिशातून काढली.

“तुम्ही पर्वत, तुम्ही प्रपात, तुम्ही पराक्रमाचा प्रखर प्रकाश...”

एकेका ‘प’सरशी मी स्टँडवर डुलत होतो. फोरमन अगदी काडीपैलवान. हा पर्वत कोण, म्हणून त्यानेच मागे वळून पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण नजर खाण्याच्या टेबलाकडे ठेवून.

मग बाइंडिंगच्या बाई उठल्या आणि सगळे एकदम चिडीचूप. का, ते मला मागाहून खुर्च्या आवरणाऱ्यांकडून कळलं. दोन वर्षांपूर्वी पाचशे पुस्तकं वाकडी कापली गेली होती. फोरमनने ठपका बाईंवर ठेवला. तेव्हापासून दोघांचा अबोला. टेबलं शेजारी, पण निरोप तिसऱ्याच्या तोंडी.

बाईंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून आणलेलं वाचलं.

“खटक खटक मशीन तुमचं,
खटक खटक तुमची जीभ.
उद्या सारं मऊ मऊ, मुकं मुकं.
टाका निसटल्या वहीसारखी मी
पानं सावरत बसेन.”

पहिल्या दोन ओळींना हशा पिकला; मशीन आणि फोरमन दोघंही हुबेहूब ऐकू आले होते. तिसरी ओळ आली तसा बाईंचा आवाज संथ झाला. त्यातले ‘म’ माझ्यावर अलगद टेकले. कुणी हसलं नाही. साहेबांचा पर्वत कुणालाच दिसला नव्हता. बाईंची सुटी पानं सगळ्यांना दिसली.

फोरमन उठून पुढे आला आणि बाईंच्या कानाशी कुजबुजला. मधोमध मी उभा आहे, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

“बाई, ती पुस्तकं मीच वाकडी कापली होती. घाबरलो आणि तुमचं नाव सांगितलं.”

मी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. माझा इलाज नव्हता.

“ठाऊक होतं मला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

तेही पोचवलं. मॅनेजरसाहेब रागाने उभे राहिले. पण निवृत्त माणसाला शिक्षा काय करायची, ते न सुचल्यामुळे पुन्हा बसले. पुढे खाण्याच्या टेबलापाशी बाई आणि फोरमन कडाकडा भांडले. दोन वर्षांचं साचलेलं होतं ना. मला फार बरं वाटलं.

आता माझी तार सैल झाली आहे. बोलता बोलता आवाज जातो, आणि काका नव्या माइकची चौकशी करतात. तेव्हा कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर लवकर या. मध्येच मी गप्प झालो, तर थांबू नका. वाक्य तसंच पूर्ण करा. ज्याला ऐकवायचं असतं, ते माणूस बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावरच असतं.