पहिला घास

दुपारी साडेबाराला सुगंधाबाईने नवऱ्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. आठ वर्षं रोज घालत होती तसाच.

रूपचंद समोर पाटावर बसून तिच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरला की मगच त्याचा हात ताटाकडे जायचा... आणि आज सदऱ्याच्या खिशात ते पत्र असतानाही आपण थांबलोच आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं.

दिवाळीनंतर सुरतेवरून गाडी बदलून तो मुंबईला गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी दंडातून रक्त काढून घेतलं होतं. उत्तर आज सकाळी आलं, शुद्ध मराठीत, तारीख तीन फेब्रुवारी एकोणीसशे चौसष्ट. तुमच्या रक्तात तुमच्याच मोठ्या आतड्याच्या अस्तराविरुद्ध काम करणारी प्रतिद्रव्यं सापडली. ती तुमचं शरीरच तयार करतं. का करतं, ते आज कुणालाच सांगता येत नाही. बाहेरून विषारी काही पोटात गेल्याची खूण नाही.

बाहेरून काही नाही. हे वाक्य त्याने कापसाच्या गंजीआड उभं राहून चार वेळा वाचलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी शौचातून रक्त पडू लागलं. आधी मिरचीवर ठपका आला, मग विहिरीच्या पाण्यावर, आणि दोन्ही सोडूनही रक्त थांबेना तेव्हा माय – गजराबाई – ओसरीवरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "हिनीच काही तरी खावाडी दिन्हं." नवऱ्याला काही खाऊ घातल्याचा आळ ऐकून सुगंधा रडली नाही, माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी ताट वाढून समोर बसली आणि पहिला घास तिने खाल्ला. नवऱ्याआधी. तिला कुणी सांगितलं नव्हतं – मी तर एक शब्दही बोललो नव्हतो, तो मनाला नेहमी बजावायचा. पण नको असंही म्हणाला नव्हता. तो फक्त बघत राहिला होता. आठ वर्षं... रोज दोनदा.

"काय लिखेल शे रे कागदमा?" ओसरीवरून मायचा आवाज आला.

सुगंधाबाईचा ताट पुढे सरकवणारा हात थबकला. आता बोलायचं होतं. मायलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पण हिचा दोष नाही असं म्हणायचं, तर इतके दिवस मीही तो धरला होता हे त्यातच आलं.

"औषध बदली दिन्हं," तो म्हणाला.

त्याने आवाज उतरवला. "आतेपाईन पहिला घास तू नको खाऊ."

"काबर?"

"असंच."

सुगंधाबाईने पदराला बोटं पुसली. "मंग मीठ कमी ऱ्हायनं ते कोन सांगी?"

ती हसत होती की नाही, त्याला ओळखता येईना. मिठासाठीच खात होती की काय ही? तेवढंच असेल तर... तेवढंच असावं, असं त्याला फार वाटलं. छातीवरचं काहीतरी हलकं झालं. त्याने घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला.

वरणात मीठ मुळीच नव्हतं.

तिने आत्ताच याच वरणाचा घास खाल्ला होता, आणि काही बोलली नव्हती. समोर बसून ती आता त्याच्या गळ्याकडे बघत होती. घास त्याच्या तोंडातच होता.