एक मिनिट आधी वाजलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि मी आवडते असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले उड्या मारतात. चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजली की रस्त्यातली माणसे क्षणभर वर बघतात. मी वाजले की मात्र समोरच्याचे तोंड कडू होते.

तशी मी तळहातावर मावेन एवढीच आहे. डोक्यावरची कळ दाबली की आतली लहानशी हातोडी माझ्या वाटीवर आपटते आणि मी बोलते. ज्या कारागिराने मला ओतले, त्याने माझ्या कडांना तीनदा कानस लावली. चौथ्यांदा वाजवून बघितले आणि तो म्हणाला, "ही जरा तिखटच निघाली. असू दे, ऐकू तर जाईल."

माझी पहिली नोकरी एका मिशनच्या इस्पितळात, औषधांच्या खिडकीवर झाली. बाहेरची माणसे घाबरून मला थापटायची आणि आतला औषधवाला मला शिव्या घालायचा. ती खिडकी बंद झाली तेव्हा मिशनच्याच कायदा महाविद्यालयाचे प्राचार्य मला आपल्या झग्याच्या खिशात घालून घेऊन आले. सगळे त्यांना फादर म्हणतात. ते पुराव्याचा कायदा शिकवतात आणि महाविद्यालयाची मूट चालवतात.

मूट म्हणजे खोटा खटला खऱ्यासारखा लढवायचा. दोघांची एक जोडी एका बाजूने, दुसरी जोडी दुसऱ्या बाजूने. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात तीन उंच खुर्च्या आहेत, त्यांच्यामागे भिंतीवर लाकडी क्रूस आहे, समोर दोन टेबले आणि मधे बोलणाऱ्याने उभे राहायची जागा. मी बाजूच्या छोट्या टेबलावर, शेजारी सेकंद दाखवणारे घड्याळ. एक मिनिट उरले की मला एकदा वाजवायचे, वेळ संपला की दोनदा. दोन टोल्यांनंतर बोललेला अर्धा शब्दही धरत नाहीत. प्रत्येक फेरीच्या आधी प्रार्थना होते. आमच्या जिभेवर सत्य असू दे, असे सगळे डोळे मिटून म्हणतात. 'आमेन' म्हणून झाले की लगेच एकमेकांच्या नरडीला लागतात. बारा वर्षे मी हे बघितले. मला त्याचे काही वाटेनासे झाले होते. पण दोन बहिणींची गोष्ट अजून माझ्या पितळेत सलते.

त्या सख्ख्या बहिणी, एकाच वर्गात. वडील गेल्यावर थोरलीने दोन वर्षे एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन केले, म्हणून ती मागे राहिली आणि धाकटीच्या बरोबरीने दाखल झाली. त्यांची आई खालच्या मजल्यावर ग्रंथपाल होती. पहिली दोन वर्षे दोघींची जोडी होती आणि त्या जोडीपुढे कुणाचे काही चालत नसे. थोरली धुळीत बसून जुने निकाल उकरून काढी आणि धाकटी ते पाजळून समोरच्याच्या पोटात घाली. वर्गातली मुले धाकटीला सुरी म्हणत. थोरलीला कुणी नावच ठेवले नव्हते. तिला त्याचेही वाईट वाटत असावे.

तिसऱ्या वर्षी धाकटीने दुसरी जोडीदार मागितली. फादरांनी कारण विचारले तेव्हा ती माझ्या टेबलाला टेकूनच उभी होती. "ताईबरोबर असले की मला सारखं मागं वळून बघावं लागतं," ती म्हणाली. "ती आली का, तिला जमलं का. मला पुढं बघायचंय." हे बोलणे थोरलीपर्यंत तिखटमीठ लावून पोचायला एक दुपार पुरली.

त्या वर्षीचा खटला पाण्याच्या टाकीचा होता. टाकी फुटून शेजारचे दुकान वाहून गेलेले. भरपाई टाकीच्या मालकाने द्यायची की बांधणाऱ्या ठेकेदाराने, एवढाच प्रश्न. उपांत्य फेरीत दोघी बहिणी समोरासमोर आल्या. थोरली मालकाच्या बाजूने चांगली बोलली. मग धाकटी उठली, तिने एक पिवळा पडलेला कागद काढला आणि एक जुना निकाल वाचून दाखवला. थोरलीचा सगळा युक्तिवाद त्याने एका दमात आडवा झाला. पण तेवढ्यावर ती थांबली नाही.

"हा निकाल दोन वर्षांपूर्वी माझ्या विद्वान मैत्रिणीनंच शोधलेला आहे," ती बहिणीकडे हात करून न्यायाधीशांना म्हणाली. "कागदावर अक्षरही तिचंच आहे. तेव्हा तिला तो माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. तिनं तो लपवला, एवढंच म्हणते."

सभागृह हसले. थोरलीचे कान लालबुंद झाले. ती हरली.

फादरांचा एक जुना नियम होता, की हरलेल्याने कोर्ट सोडून जायचे नाही, काम करायचे. उपांत्य फेरीत हरलेल्यांपैकी एकाने अंतिम फेरीत वेळ सांभाळायचा. चिठ्ठी थोरलीच्या नावाची निघाली. फादरांनी ती बदलायला हवी होती, असे मला आजही वाटते.

अंतिम फेरीत धाकटीच्या समोर जो मुलगा होता त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. तो पाने मोजून लिही, पावले मोजून चाले आणि मनगटावरचे घड्याळ काढून नेहमी टेबलावर ठेवी. त्याचे आणि धाकटीचे हाडवैर होते. "तुझ्या बोलण्याला लांबी आहे, वजन नाही," असे ती त्याला साऱ्या वर्गादेखत म्हणाली होती. वरच्या खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. ते प्रश्न विचारत ते झोपमोड झालेल्या माणसासारखे. शेवटी धाकटीला उत्तरासाठी पाच मिनिटे मिळाली. ती उभी राहिली आणि एकेक मुद्दा सोलत निघाली. निवृत्त न्यायाधीशांनी एक खोचक प्रश्न टाकला. ती किंचित हसली. उत्तर तिच्या ओठांवर होते.

मित्रांनो, घड्याळाचा काटा चौथ्या मिनिटावर आला. मला एकदा वाजवायचे होते. थोरलीचा हात माझ्या डोक्यावर होता, कोरडा आणि थंडगार. तिने मला दोनदा दाबले.

धाकटी वाक्याच्या मधेच थांबली. नियम म्हणजे नियम. तिने कागद गोळा केले आणि ती बसली. मी सांगू शकत नव्हते. मला एकच आवाज आहे आणि तो त्या दिवशी खोटा ठरला होता.

तेवढ्यात मोजपट्टी उभा राहिला.

"महोदय, चारच मिनिटं झालीत," तो म्हणाला. "माझं घड्याळ बघा. हिच्यावर माझा काडीचा लोभ नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला हिला हरवायचंय. घंटीनं हरवून दिलेली नकोय मला."

निवृत्त न्यायाधीशांनी घड्याळ मागवून बघितले. थोरलीला विचारले, घड्याळाकडे लक्ष होते का. होते, असे ती म्हणाली. मग दोन टोले का, या प्रश्नावर तिने माझ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. धाकटीला तिचे मिनिट परत दिले गेले. पण हिसकावून घेतलेले मिनिट आणि परत दिलेले मिनिट सारखे नसते. धाकटी उभी राहिली खरी, पण तिचे डोळे न्यायाधीशांकडे नव्हते, माझ्या टेबलाकडे होते. दोनदा ती चाचरली. त्या खोचक प्रश्नाचे उत्तर तिला सापडलेच नाही. ती एका गुणाने हरली. मोजपट्टीच्या हातात चषक आला तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना. तो चषक खांद्यावर टाकून, दातओठ खात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात चौकशी झाली. मागच्या बाकावर दोघी बहिणींची आई बसली होती. काही शिक्षकांना थोरलीला काढूनच टाकायचे होते. फादरांनी तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले. हात चुकून दोनदा पडला असेल, असे होते कधीकधी, ते म्हणाले. थोरली खाली बघत राहिली. मग त्यांनी धाकटीला पुढे बोलावले.

"तू तिला जन्मापासून ओळखतेस. ही चूक असू शकते का?"

आईने पदर मुठीत घट्ट धरला. एक शब्द हवा होता, 'असेल' एवढाच.

"ताई भाजीत मीठसुद्धा मोजून घालते," धाकटी म्हणाली. "तिच्या हातून चूक होत नाही. तिनं केलं ते मुद्दाम केलं."

थोरलीने पहिल्यांदा मान वर केली. "खरं बोलतेय ती," ती म्हणाली. "त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं."

शिक्षा झाली. थोरलीने पुन्हा मूटमध्ये उतरायचे नाही आणि पुढचे वर्षभर सरावापासून अंतिमपर्यंतच्या प्रत्येक फेरीत, एकही न चुकवता, घंटीवर बसायचे. "ज्या हातानं वेळ चोरला, त्याच हातानं तो भरून दे," फादर म्हणाले. दयाळू माणसे शिक्षा देतात तेव्हा ती फार लांबते.

त्या वर्षाइतके वाईट वर्ष मी बघितलेले नाही. थोरली जिन्यावरून जाऊ लागली की मुले तोंडाने 'टिंग टिंग' करायची. फेरीला उभा राहणारा प्रत्येक जण तिच्या नाकासमोर स्वतःचे घड्याळ मांडायचा. कुणीतरी माझ्या वाटीत चिकट गोळी कोंबून ठेवली. मी नुसती 'ठक्' वाजले आणि सगळे फिदीफिदी हसले. तिने केसातला आकडा काढून ती घाण कोरून काढली, मला रुमालाने पुसले आणि पुढच्या वक्त्याला सुरू करायची खूण केली. खरे सांगते, मलाही तिचा राग होता. तिने हात ठेवला की मी मनातून आखडून बसायची. पण त्या वर्षात तिने घड्याळावरून नजर हलवलेली मी एकदाही बघितली नाही. बाहेर काही पडू दे, आत कुणी रडू दे, तिचा टोला ठरल्या सेकंदाला पडायचा.

दोघी बहिणी घरी एकाच खोलीत झोपत, पण एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. निरोप आईमार्फत जात. हे आईनेच एकदा फादरांना सांगितले, जेवायची वेळ झाली हेसुद्धा मला इकडून तिकडे सांगावे लागते म्हणून.

वर्ष संपत आले. अंतिम फेरीत धाकटी पुन्हा पोचली. आदल्या दिवशी ती फादरांकडे आली आणि तिने हरकत घेतली. घंटीवर दुसरे कुणीही चालेल, ही नको. फादरांनी वहीत एक ओळ लिहिली.

"हरकत नोंदवली," ते म्हणाले. "आणि फेटाळली. वर्षभर साऱ्या महाविद्यालयानं जिच्यावर पहारा दिला, तिच्याइतकी भरवशाची दुसरी कोण आणू?"

फेरी झाली. धाकटी त्या दिवशी अशी बोलली की न्यायाधीशही प्रश्न विसरले. चौथ्या मिनिटाला मी एकदा वाजले. पाचव्याला ती अगदी शेवटच्या वाक्यात होती, चारच शब्द उरले होते. थोरलीच्या बोटाला घाम होता. कुणी दुसरी असती तर बहिणीसाठी तेवढे थांबली असती, किंवा जुना दात धरून तिने मला आधीच वाजवले असते. तिने मला वेळेवर दोनदा दाबले. धाकटीचे चार शब्द तोंडातच राहिले. तरी ती जिंकली.

लोक गेले. खुर्च्या उचलून झाल्या. थोरली माझी वाटी पुसत होती आणि धाकटी चषक कुठे ठेवावा ते न सुचून उभी होती. अकरा महिन्यांनंतर ती बहिणीशी पहिले वाक्य बोलली.

"दोन सेकंद उशिरा मारलीस."

थोरलीने रुमाल खाली ठेवला. "घड्याळ बघून मारली."

"मी मनात मोजत होते."

"तू मनात मोजतेस ते मला नको सांगूस. लपंडावात शंभरपर्यंत मोजायचं असायचं, तू साठ झाले की डोळे उघडायचीस. कायम."

"एकदाच उघडले होते."

"कायम. आणि मी कुणाला सांगितलं नाही."

धाकटी काहीतरी तडकून बोलली, थोरलीने त्याला तसेच उत्तर दिले आणि दोघी भांडत भांडत जिना उतरू लागल्या. लपंडाव झाला, कुणाची वही कुणी फाडली ते झाले, पिवळ्या कागदाचा विषय निघाला तेव्हा आवाज फारच चढले. खाली ग्रंथालय होते. तिथे कुणी कुजबुजले तरी त्यांची आई टेबलावर पेन्सिल आपटायची. मी कान देऊन वाट बघत राहिले. पेन्सिल वाजली नाही.

आता वेळ संपला की भिंतीवर लाल दिवा लागतो आणि मी फादरांच्या कपाटात कागदांवर वजन म्हणून बसते. हिरवट डाग पडले आहेत, कळही अडकते. तर मित्रांनो, कपाट उघडलेत तर मला लिंबाने एकदा घासा, तेवढे माझ्यासाठी करा. आणि दुसऱ्याचे बोलणे थांबवायचा अधिकार कधी तुमच्या हाती आला, तर नजर घड्याळावर ठेवा, बोलणाऱ्याच्या तोंडावर नको. तो तुमचा वैरी असेल किंवा सख्खा असेल. त्याचे मिनिट त्याचे आहे.