फाटक्या पडद्याचा कॅमेरा

मी एक कॅमेरा आहे, पण माझ्यापुढे हसून उभं राहू नका. तुमचे चेहरे माझ्या चित्रात उमटत नाहीत. अवकाशात सुसाट धावणारे, विद्युतभार नसलेले अणू टिपायचे आणि ते कुठून आले याचं चित्र काढायचं, हे माझं काम.

मला घडवलं ताईंनी. सगळी प्रयोगशाळा त्यांना ताईच म्हणायची. भार असलेले कण आत घुसू नयेत म्हणून त्यांनी माझ्या तोंडाशी विजेच्या पट्ट्या बसवल्या. त्या अशा कणांना बाजूला ढकलतात. आत कार्बनचा पडदा लावला, इतका पातळ की फुंकरीनेही फाटावा. अणू त्यातून पार होतात, ऊन मात्र बरंचसं अडतं. कितीतरी पडदे ताईंच्या चिमट्यात फाटले. त्या चिडायच्या, पाणी पिऊन यायच्या आणि पुन्हा बसायच्या.

एकदा ताई जेवायला गेल्या असताना पाहुणे आले. आमच्या साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, फोटोसाठी माझं झाकण उघडलं. कुणाच्या तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत. मिशीला जेवण चिकटलेला एक पाहुणा "बघू, बघू" करत वाकला आणि थेट माझ्या तोंडात शिंकला.

शी! ती ओली, आंबूस वाफ! पडदा मधोमध फाटला. साहेबांनी घामेजलेली मान पुसली, त्याच रुमालाने माझी कड पुसली आणि झाकण लावून टाकलं.

ताईंना भोक दिसलंच. "झाकण कोणी उघडलं?"

"चाचणीत हादरे बसून फाटला असेल," साहेब म्हणाले.

"चाचणी अजून व्हायचीय, साहेब. नवा पडदा लावायला वेळ द्या."

साहेबांचे कान लाल झाले. "उड्डाणाची तारीख हलणार नाही. एवढ्याशा भोकाने काय होतंय?"

"ऊन आत शिरेल. हा त्यालाच अणू समजून मोजत बसेल. मी होकार देणार नाही."

"मग तुमच्याशिवाय पाठवू."

ताईंना दुसऱ्या कामावर टाकलं. खरं काय ते ठाऊक असलेली बाकीची मंडळी मुकाट्याने, मान खाली घालून माझे स्क्रू आवळत राहिली. त्या वाकलेल्या माना आठवल्या की शिंकेपेक्षाही जास्त शिसारी येते.

आता मी वर अवकाशात फिरतोय. भोकातून ऊन घुसतं, मी ते अणू म्हणून मोजतो आणि चित्रात उठलेला त्याचा डाग खाली पाठवतो. खालून हुकूम येतो: उत्तम, आणखी पाठव. मला माझीच किळस येते.

ताई, असाल तिथून यांना खडसावा. मला बंद करा म्हणावं. आंधळा म्हणून पडून राहीन मी. पण खोटारडा म्हणून मला मिरवू देऊ नका.