रिकाम्या काट्याचं वजन

बैठकीच्या खोलीत खुर्च्या बारा आणि माणसं तीस. उरलेली भिंतीला चिकटून, दारात, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभी. समोर पडद्यावर एक ईमेल झळकत होता आणि आमचा अकाउंटंट, जो पगाराच्या दिवशीही हसत नाही, तो डोळे पुसत होता.

ईमेल एका पिठाच्या गिरणीवाल्याचा. 'तुम्ही माझ्या पत्नीच्या ऑपरेशनची आठवण ठेवलीत. सख्खे भाऊ विसरले. नवा काटा तुमच्याकडूनच घेणार.'

"यांना पत्र कुणी लिहिलं होतं?" पडद्याशेजारच्या गृहस्थाने विचारलं.

"तुम्ही, सर," कुणीतरी म्हणालं.

"मी कोण लिहिणारा? यानं लिहिलं." आशीर्वाद द्यावा तसा त्याने लॅपटॉपवरून हात फिरवला.

आमची कंपनी वजनकाटे बनवते आणि विकते. किराणा दुकानातल्या काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत. मी ते दुरुस्त करतो, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. हा गृहस्थ मालकांनी आणलेला सल्लागार. एआयकडून प्रत्येक ग्राहकाला वेगळं, अगदी त्याच्या काळजाला हात घालणारं विक्रीपत्र लिहून घ्यायचं, हा त्याचा धंदा. मी त्याचं नाव अंतर्यामी ठेवलं. दोन दिवसांत ते ऑफिसभर झालं, फक्त लोक ते भक्तीनं घ्यायला लागले.

"डेटा म्हणजे नुसती माहिती नव्हे," अंतर्यामी सांगत होता. "त्यात स्पंदनं असतात. माझं एआय ती ऐकतं, ग्राहकाच्या मनात उतरतं आणि तिथं बसून पत्र लिहितं."

स्पंदनं म्हणे. बावीस वर्षं काटे उघडतोय मी. ज्याला स्पंदनं होतात तो काटा आम्ही भंगारात काढतो.

पण ऑर्डरी येत होत्या, आणि ऑर्डरींपुढे कुणाचं डोकं चालतं? आठवड्याभरात ऑफिसचा मठ झाला. स्टोअरकीपर आपल्या अबोला धरलेल्या भावाचा ईमेल पत्ता घेऊन अंतर्यामीकडे गेला. अकाउंटंटने मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र छापून नेलं. "यांच्या मनात काय आहे, तेवढं बघा ना सर." आता तरी हा माणूस म्हणेल ना, की बाबा रे, हे काम या यंत्राचं नाही? छे. डोळे मिटले, कागद लॅपटॉपखाली सरकवला आणि म्हणाला, "संकेत चांगले आहेत." बुवा तो बुवाच. राख मिळाली नाही, तर चार्जर लावतो.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण शुक्रवारी मालकांनी जाहीर केलं, "एक तारखेपासून फोनचं टेबल बंद. ग्राहकाचं मन आता मशीन ओळखतं."

फोनचं टेबल म्हणजे ताई. एकोणीस वर्षं तेच टेबल, दोन फोन, चार जाडजूड वह्या. वय बावन्न. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. या वयात त्यांना दुसरीकडे कोण विचारणार?

"बरोबरच आहे रे मिस्त्री," त्या ड्रॉवर आवरत म्हणाल्या. "मला एक माणूस ओळखायला वर्षं जातात. त्याला मिनिट लागत नाही."

"ताई, तुमची नोकरी चाललीय."

"दिसतंय की. म्हणून काय चमत्काराला खोटं म्हणू?"

जिच्या मानेवर सुरी, तीच सुरीची धार वाखाणतेय. माझ्या खिशात नेहमी पन्नास ग्रॅमचं वजन असतं. ते मुठीत दाबत दिवसभर येरझाऱ्या घातल्या. जेवायला बसलो नि अर्ध्यावरून उठलो.

शनिवारी मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे काटा उघडून बसलो होतो. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कंपनीचं पत्र आलं. फार प्रेमळ हो. फक्त एक चुकलंय. लिहिलंय, मुलगी डॉक्टर झाली की रुग्णांची सेवा करेल. अहो, ती जनावरांची डॉक्टर होतेय. तिचे रुग्ण म्हशी."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. कारण ती चूक माझी होती.

आमची कामाची एक पद्धत आहे. मी दुकानात तासभर बसतो, दुकानदार बोलतो. परत आलो की चहा घेताना मी ते ताईंना सांगतो आणि त्या वहीत शेवटच्या रकान्यात, 'शेरा' म्हणून, टिपून ठेवतात. पुढच्या फोनला आधी ते विचारायचं, मग काट्याचं. दोन वर्षांपूर्वी या व्यापाऱ्याच्या शेजाऱ्यानं सांगितलं, मुलगी डॉक्टरकीला लागली. मी कसली डॉक्टरकी ते न विचारता ताईंना सांगून टाकलं.

आता मला सांगा. यंत्र जर बापाच्या मनात उतरलं असतं, तर तिथं म्हशी दिसल्या असत्या. बापाला सगळं ठाऊक होतं. चुकीची डॉक्टरकी साऱ्या जगात एकाच ठिकाणी होती, ताईंच्या वहीत. परीक्षेत शेजाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली, की मास्तरला पुरावा लागत नाही.

धावत ऑफिसात आलो. "ताई, वह्या कुठायत?"

"सरांनी नेल्या, महिना झाला. म्हणाले, जुनं रेकॉर्ड जपून ठेवतो. त्यांची दोन माणसं आठवडाभर बसून टाइप करत होती."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

सोमवारी पुन्हा तीस माणसं जमली. मी उभा राहिलो.

"मालक, काटा विकताना आपण गिऱ्हाइकाला पहिलं काय दाखवतो?"

"शून्य," मालक म्हणाले. "रिकामा काटा शून्य दाखवतो की नाही ते."

"मग या काट्याचंही दाखवा. ग्राहकाचं नाव देतो, दुकान देतो. शेऱ्याचा रकाना रिकामा."

अंतर्यामीचं हसू थोडं उतरलं. "थोडा संदर्भ लागतो..."

"मनात उतरायला संदर्भ कशाला, सर? वाट चुकते का?"

लोक हसले. त्याचा नाइलाज झाला. पत्र आलं. 'आपले कष्ट आणि सचोटी यांची परिसरात चर्चा आहे.' हे कुणालाही लागू. खिसेकापूलासुद्धा.

"आता दुसरा ग्राहक. वर्कशॉपचे जुने सभासद, कोपऱ्यात राहतात. शेरा लिहा, गुडघा दुखतो, तरी रोज कामावर हजर."

पडद्यावर अक्षरं उमटली. 'आपल्या गुडघ्याबद्दल कळलं आणि मन हळहळलं. एवढ्या वेदनेतही आपली निष्ठा...'

"चला, भेटवतो," मी म्हणालो आणि दार उघडलं. समोरच्या कोपऱ्यात आमचा तीनशे किलोचा मोडका काटा एका पायावर कलंडून उभा होता.

खोलीत हशा कोसळला. अकाउंटंट हसला नाही. पुढे गेला, लॅपटॉपखालून आपला कागद ओढला आणि घडी करून खिशात ठेवला.

"यंत्र खोटं बोललं नाही," मी म्हणालो. "त्याला जे दिलं, त्याचं त्यानं झटपट, नीटनेटकं पत्र केलं. कामाची वस्तू आहे, ठेवा. खोटं हा माणूस बोलला. ताईंच्या वह्यांतले शेरे टाइप करून यंत्रात भरले आणि मन वाचलं म्हणाला. गिरणीवाल्याला वाटलं कुणीतरी आठवण ठेवली. खरंच ठेवली होती. ज्यांनी ठेवली, त्या ताईंना तुम्ही एक तारखेला काढताय."

अंतर्यामी वायर गुंडाळायला लागला होता. मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठीक आहे. ताईंचं बघू."

"नुसतं 'बघू' नको," मागून ताईंचा आवाज आला. एकोणीस वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदा बोलत होत्या. "लिहून द्या. टेबल राहील, वह्या परत येतील आणि कुठलंही पत्र मी वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

मालकांनी लिहून दिलं. मोडक्या काट्यासमोर उभं राहून नाही कसं म्हणणार?

वह्या परत आल्या. ताईंनी त्यातली एक उघडली, 'डॉक्टर'च्या आधी 'जनावरांची' असं लिहिलं आणि मसाल्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "नमस्कार. आमची चूक झाली. लेक कशी आहे?"

वाचकहो, उद्या तुमच्या दारातही कुणी मन वाचणारी वस्तू घेऊन येईल. तिला नमस्कार करू नका, शिव्याही घालू नका. आधी तिच्यात काहीच न टाकता बघा, ती काय दाखवते. मग विचारा, यात भरलेलं सगळं कुणाच्या कष्टाचं आहे, आणि ते माणूस आत्ता कुठे बसलंय.